उशीखालची माती

फ्लोरी डबा घेऊन वॉर्डात शिरली तेव्हा आलोशियस हसत होता. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून तो टेकून बसला होता, कुणाकडून तरी दाढी करून घेतली होती, आणि बाजूच्या पलंगावरच्या अर्सलानला काहीतरी सांगता सांगता त्याचे खांदे हलत होते. बहारीनमधल्या सलमानियाच्या या हॉस्पिटलात तो आल्यापासून तिने हे हसू पाहिलं नव्हतं. ती दारातच थांबली. अर्सलानने तिला पाहिलं आणि म्हणाला, "भाभी, आज भाईसाहब ने चाय भी दो बार माँगी." मग आलोशियसने तिला जवळ बोलावलं आणि सांगितलं की सकाळी डॉक्टर सुमय्या येऊन गेल्या, ऑपरेशनच्या कागदावर सही मागत होत्या, आणि आपण त्यांना नाही म्हणून सांगितलं. ताजी सुरमई मिळाल्यावर घरी येऊन सांगावं तसं त्याने ते सांगितलं. "पाय कापायची गरज नाही, फ्लोरी. पाय बरा होतोय." आणि त्याने उशीवर हलकेच थोपटलं, एखाद्या ओळखीच्या माणसाच्या पाठीवर थोपटावं तसं. फ्लोरीने डबा टेबलावर ठेवला. झाकण उघडताना आपली बोटं आपली नाहीत असं तिला वाटलं. त्याच्या हसण्याने तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही होता, दारात उभी असताना, क्षणभर. आता तो आनंद उरला नव्हता, कारण उशीखाली जे होतं ते तिनेच ठेवलं होतं.

तिनेच. आयर्लंडहून ती माती सॅब्रिनाने आणली, पण आण म्हणाली ती फ्लोरीच. सॅब्रिना तिची मावसबहीण, वसईत एकाच आळीत दोघी वाढल्या, पुढे सॅब्रिना नर्स होऊन आयर्लंडला गेली आणि फ्लोरी आलोशियसशी लग्न करून बहारीनला आली. फोनवर रडता रडता फ्लोरीने सांगितलं होतं, सनद गावातल्या एका घराच्या गच्चीवर एसीचं काम करताना पत्रा लागून त्याचा घोटा कापला, एवढीशी जखम, त्यात त्याला शुगर, आणि आता हाडापर्यंत गेलंय, एकही औषध लागू पडत नाही. सॅब्रिना आधी नर्ससारखी बोलली, कुठलं औषध, किती पॉवरचं. मग थोडी लाजत म्हणाली की ती राहते तिथून जवळच्या खेड्यात एक जुनं देऊळ आहे, म्हणजे चर्च, आणि त्याच्यामागे दफनभूमी. तिथे फार वर्षांपूर्वीचे एक फादर पुरलेले आहेत. लोकांची दुखणी हात लावून बरी करायचे म्हणे. मरताना ते म्हणाले, मी गेल्यावर माझ्या अंगावर जी माती पडेल ती तुम्हांला बरं करील. तेव्हापासून लोक येतात, थडग्याशी ठेवलेल्या चमच्याने एक चमचा माती घेतात, सुती कपड्यात बांधतात, आजाऱ्याच्या उशीखाली ठेवतात, त्या फादरसाठी प्रार्थना करतात, आणि मग माती परत त्याच जागी नेऊन टाकतात. परत नेलीच पाहिजे. ती कुणाला मिळत नाही, फक्त थोडे दिवस वापरायला मिळते. सॅब्रिनाच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा हे मानतात. आणि गंमत म्हणजे कुठल्यातरी युनिव्हर्सिटीच्या लोकांनी तिकडची माती नेऊन तपासली, तर तिच्यात दुसऱ्या जंतूंना मारणारे जंतू सापडले. "मी मानते असं नाही," सॅब्रिना म्हणाली होती. "पण मी सुट्टीवर घरी येतेय, बहारीनला विमान बदलायचं आहे. आणू का?"

फ्लोरीने विचार केला नव्हता. बुडणाऱ्याला कुणी हात दिला तर तो आधी हात पाहत नाही. विमानतळावर सॅब्रिनाने पर्समधून पांढऱ्या कपड्याची सुपारीएवढी पुरचुंडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. इतकी थंड. विमानातल्या थंडीने असेल, पण फ्लोरीला वाटलं की त्या गावचा सगळा पाऊस त्या कपड्यात आहे. सॅब्रिनाने दोन गोष्टी बजावल्या. जखमेला लावायची नाही, काही झालं तरी नाही, हे मी नर्स म्हणून सांगते. आणि परत जाताना मी पुन्हा इथूनच जाणार, तेव्हा माझ्याकडे द्यायची. बाहेर ऑगस्टचा दमट उकाडा होता, टॅक्सीच्या काचा बाहेरून धुरकटल्या होत्या, आणि गुदैबियातल्या घरी पोहोचेपर्यंत फ्लोरीने मूठ उघडली नाही. मुठीत कबरीची माती होती. वडिलांना पुरलं तेव्हा तिनेही इतरांसारखी मूठभर माती टाकली होती, लाकडावर ती पडल्याचा आवाज आला होता, आणि मग मोठ्या काकीने तिला दंडाला धरून नळाशी नेलं होतं, हात धू, नखांतली काढ, घरी न्यायची नाही. इतक्या वर्षांनी तीच माती, दुसऱ्या कुणाच्या अंगावरची, ती घरी नेत होती, आणि हात धुवायची भीती वाटत होती.

आलोशियसला तिने सांगितलं तेव्हा तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो मशिनचा माणूस होता, कंप्रेसर उघडून कान लावून बिघाड सांगणारा. पण त्याचा एक विचित्र स्वभाव होता. स्वतः काही मानायचा नाही, मात्र फ्लोरीने मानलं की ते त्याच्यापुरतं खरं होऊन जायचं. फ्लोरी म्हणाली म्हणजे झालं. लग्नानंतर मूल राहीना तेव्हा तिने नवस बोलला, आणि सुट्टीत ते जत्रेला गेले, तिथे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची मुलं विकायला असतात. आलोशियसने मेणाचं मूल विकत घेतलं, आणि देवळापर्यंतच्या चढावर उन्हाने ते वाकू नये म्हणून स्वतःच्या सावलीत धरून चालला. एकदाही विनोद केला नाही. मूल झालं नाही. त्याबद्दल त्याने देवाला नाही, तिलाही नाही, कधीच काही विचारलं नाही. आता त्या पुरचुंडीबद्दल तिने सगळं सांगितलं, ते फादर, तो चमचा, त्या युनिव्हर्सिटीचे लोक, तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, "सॅब्रिना स्वतः घेऊन आली?" ती हो म्हणाली. त्याने मान उचलली आणि तिने माती उशीखाली सरकवली. त्या रात्री तो झोपला, हे तिला दुसऱ्या दिवशी अर्सलानने सांगितलं. मग ताप उतरला. मग पायाच्या कळा कमी झाल्या. एका दुपारी तो झोपेत असताना तिने पुरचुंडी काढून बँडेजवर, जखमेच्या अगदी वर, धरली होती. गाठ सोडायला अंगठा लावला होता. सॅब्रिनाचा आवाज आठवला म्हणून थांबली, की नर्स आत आली म्हणून, हे तिला आता खात्रीने सांगता आलं नसतं.

आणि आज तो नाही म्हणाला होता.

डॉक्टर सुमय्या तिला कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या मशिनपाशी भेटल्या. तरुण होत्या, डोक्यावरचा हिजाब सारखा नीट करायची सवय, आणि इंग्रजी बोलताना वाक्याच्या शेवटी थकल्यासारखा आवाज खाली यायचा. त्यांनी लपवून ठेवलं नाही. ताप उतरला तो नव्या औषधाने, आणि ते औषध फार दिवस पुरणार नाही. कळा कमी झाल्या कारण तिथल्या नसा मरताहेत. हे बरं होणं नाही, हे त्याच्या उलट आहे. विष रक्तात उतरायला लागलंय, कालच्या तपासणीत ते दिसलं. आज कापला तर गुडघ्याखाली कापता येईल. आठवड्याने मांडीतून कापावा लागेल. त्यानंतर कापण्यासारखं काही उरणार नाही. फ्लोरीने मान हलवली. मशिनमधून ग्लासात पाणी पडत राहिलं आणि तिच्या बोटांवरून खाली सांडलं, डॉक्टरांनीच नळ बंद केला. मग म्हणाल्या की उशीखाली काय आहे ते मी पाहिलंय, त्याला माझी हरकत नाही, आमच्याकडेही आजाऱ्याच्या उशाशी काय काय ठेवतात. पण तुमचा नवरा शुद्धीत आहे, सही त्याचीच लागते, आणि तो माझं ऐकत नाही. तुमचं ऐकतो.

वॉर्डात परत जाऊन ती त्याच्याशी बोलली. डॉक्टर म्हणाल्या ते सगळं सांगितलं, नसांचं, विषाचं. आलोशियसने शांतपणे ऐकून घेतलं, लहान मुलाच्या भीतीची समजूत काढावी तसं. म्हणाला की डॉक्टरांचं कामच भीती घालणं. म्हणाला की आतून मला कळतंय, पाय हलका झालाय. ती म्हणाली की माती राहू दे उशीखाली, आणि ऑपरेशनही करू, दोन्ही करू. त्यावर तो थोडा दुखावला. "मग माती कशाला आणलीस? अर्धा माणूस बरा करायला?" तिने दुसरा रस्ता धरला, सॅब्रिनाची परत जायची वेळ जवळ आलीय, माती द्यावी लागेल. तो म्हणाला, मग तिला सांग, पाय पूर्ण बरा झाल्यावर आपण दोघं जाऊ, मी स्वतः त्या फादरच्या कबरीवर नेऊन टाकीन, माझ्या पायांनी चालत. हे बोलताना त्याचे डोळे चमकले, आणि त्या चमकेत तिला ताप दिसला, परत येणारा. त्याचा हात हातात घेतला तर तो कोरडा आणि गरम होता.

त्या दुपारी तिने हॉटेलात फोन करून रजा वाढवली, ती तिथे बुकिंगच्या टेबलावर काम करायची, आणि घरी जायचं म्हणून निघाली, पण घरी गेली नाही. गुदैबियाच्या गल्ल्यांतून चालत राहिली. घामाने कपडे पाठीला चिकटले. कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या, दारातून गार वाऱ्याचा झोत पायावर आला की ती थांबायची आणि तिला वाटायचं, पाय आहेत. दोन्ही आहेत. लोकांचे पाय ती पाहत होती, सायकलवरून जाणाऱ्याच्या पोटऱ्या, सलूनच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या चपलेतले अंगठे. सगळे किती निर्धास्त. ती मनामा शहरातल्या चर्चमध्ये जाऊन बसली. प्रार्थना करायची तर कुणाला करायची हेच तिला उमगेना. त्या आयरिश फादरला? त्याला सांगायचं की बाबा, तू लवकर बरं कर, नाहीतर सोड? तो थंड प्रदेशात, ओल्या गवताखाली पडलेला म्हातारा, त्याला हे वाळूचं बेट काय ठाऊक. तरी तिला त्याचा राग येईना. राग आला तो स्वतःचा. माणसाकडे जेव्हा काहीच नसतं तेव्हा तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस सही करतो. तिने त्याची भीती काढून घेतली होती. प्रेमाने काढून घेतली होती. आता तीच भीती त्याला परत द्यायला हवी होती, आणि ती देण्याचा एकच मार्ग तिला दिसत होता. तो दिसल्यावर ती इतका वेळ हलली नाही की बाजूच्या बाकावरच्या बाईने तिला बरं नाही का म्हणून विचारलं.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला ती परत आली. अर्सलानला तपासणीसाठी खाली नेलं होतं, त्याचा पलंग रिकामा होता. नर्स आलोशियसचं बँडेज बदलून नुकतीच गेली होती, जुन्या कापसाचा ट्रे अजून टेबलावरच होता, आणि खोलीत तो वास होता, गोडसर, ज्याच्याकडे फ्लोरी इतके दिवस दुर्लक्ष करत आली होती. आज तिने तो नाकभर घेतला. मग खुर्ची ओढून बसली.

"आलोशियस, ती माती तिकडची नाही."

तो तिच्याकडे पाहत राहिला.

"सॅब्रिना आली, पण माती आणायला तिला जमलंच नाही. मी तिला भेटून घरी परत आले, आणि तुला काय सांगू ते मला सुचेना. आपल्या बिल्डिंगखालच्या सलूनच्या दारात झाडाची कुंडी आहे ना. त्यातली घेतली."

हे ती एका दमात बोलली. तिला वाटलं होतं की तोंडातून शब्द निघणार नाहीत, आवाज कापेल, तो लगेच ओळखील. पण आवाज कापला नाही. इतकं साधं होतं ते, भाजी आणायला विसरले असं सांगावं तसं. आलोशियसने उशीखाली हात घातला आणि पुरचुंडी काढली. गाठ सोडली. कपड्यावर काळी माती होती, इतक्या दिवसांत सुकून तिचे कण मोकळे झाले होते, आणि तिच्यात गवताचं एक केसाएवढं मूळ होतं. फ्लोरीच्या मनात आलं, आता कळेल. असली माती या देशात कुठे असते. त्याने चिमूट घेऊन बोटांत चोळली. वास घेतला. त्या क्षणी तिला दोन्ही हवं होतं, त्याने ओळखावं हेही आणि ओळखू नये हेही. एकदा त्याने ओळखलं असतं तर ती त्याच्या गळ्यात पडून रडली असती आणि दोघं मिळून मेले असते, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या डोक्यातून गेलं.

"अर्सलानला मी सांगितलं," तो म्हणाला. "तिकडच्या फादरचं सगळं सांगितलं त्याला."

मग त्याने हात लांब केला आणि कपडा ट्रेवर उलटा केला. माती पू लागलेल्या कापसावर पडली. काही कण ट्रेच्या कडेवर आपटून बारीक आवाज झाला. फ्लोरी अर्धवट उठली होती. तिचा हात पुढे गेलाही होता, तो तिने मागे घेतला, आणि मागे घेताना तो आपलाच हात उपटून काढल्यासारखा दुखला. ती माती तिची नव्हती, त्याची नव्हती, ती परत द्यायची होती, आणि आता ती उचलावी तर तिचं आत्ताचं बोलणं खोटं ठरत होतं, म्हणजे माती खरी ठरत होती. सफाईचा माणूस ट्रॉली घेऊन आला, ट्रे लाल पिशवीत रिकामा केला, पिशवीला गाठ मारली, आणि पुढच्या पलंगाकडे गेला. फ्लोरीने मनातल्या मनात त्या म्हाताऱ्या फादरला म्हटलं, माफ कर. दुसरं काही म्हणता आलं नाही. आलोशियस भिंतीकडे पाहत होता. त्याचं तोंड बदललं होतं. हसू तर गेलंच होतं, पण त्याच्याखाली आधी जे असायचं, एक मऊ, तिच्याकडे वळलेलं काहीतरी, तेही तिला दिसेना. त्याचे ओठ पांढरे पडले. तो घाबरला होता. तिने त्याला घाबरवलं होतं.

"बोलाव त्यांना," भिंतीकडे पाहतच तो म्हणाला. "कागद आणायला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. जाताना त्याने तिच्याकडे हात केला नाही. ती बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिली, रोझरी हातात होती पण मणी पुढे सरकत नव्हते. डॉक्टर सुमय्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी मान हलवली, मग सांगितलं, गुडघा वाचला. वरचं हाड स्वच्छ आहे. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर हे मी तुम्हांला सांगू शकले नसते. फ्लोरीने त्यांचे हात धरले, आणि त्या वेळी पहिल्यांदा ती रडली, मोठ्याने, इतकी की डॉक्टरांनी तिला भिंतीशी टेकवून उभं केलं.

सॅब्रिना परत जाताना विमानतळावर भेटली. फ्लोरी रिकाम्या हाताने गेली होती. तिने काय झालं ते सगळं सांगितलं, कुंडीचं, ट्रेचं, लाल पिशवीचं. सॅब्रिना ऐकत राहिली आणि तिचा हात नकळत कपाळाकडे गेला, तिने क्रूसाची खूण केली, नर्स असूनही. तिकडे अशी एक बाई आहे, ती म्हणाली, जिने माती परत नेली नाही म्हणून अजून रडते. मग स्वतःच गप्प झाली, कारण ते सांगायला नको होतं हे तिच्या लक्षात आलं. जाण्याच्या रांगेत उभी राहताना तिने विचारलं, "मी त्या कबरीशी जाऊन काय सांगू, फ्लोरी?"

"सांग, उपयोगी पडली," फ्लोरी म्हणाली.

आलोशियस घरी आला तेव्हा उकाडा ओसरला होता. लिफ्टपासून दारापर्यंत तो कुबड्यांवर स्वतः आला, तिने पुढे केलेला हात न घेता. तो तिच्यावर रागावलेला नव्हता. जेवण चांगलं झालं तर चांगलं झालं म्हणायचा, टीव्हीवर काही गमतीचं लागलं तर तिला हाक मारायचा. एकदा अर्सलानचा फोन आला, तो बरा होऊन कामावर गेला होता, त्याने विचारलं की त्या फादरची माती परत पोहोचली का. आलोशियस म्हणाला, हो, पोहोचली. फोन ठेवल्यावर त्याने फ्लोरीकडे पाहिलं नाही. ती स्वयंपाकघरात उभी होती, आणि तिला त्याच वेळी बाहेर येऊन सांगायचं होतं की ती खरी होती, आलोशियस, मी तुझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलले ते माती तिकडची नाही म्हणाले तेव्हा, तिकडची आहे म्हणाले तेव्हा नाही. शब्द ओठांपर्यंत आले. पण मग त्याच्या मनात काय उभं राहील हेही तिला दिसलं. खरी माती आपण कचऱ्यात टाकली. खऱ्या मातीने पाय वाचलाही असता. उरलेलं आयुष्य तो त्या ट्रेकडे बघत काढील. गॅसवरची आच तिने बारीक केली आणि ती गप्प राहिली. असे दिवस पुष्कळ येणार होते, आणि प्रत्येक दिवशी हे पुन्हा गप्प राहणं नव्याने करावं लागणार होतं.

टाके काढून झाल्यावर डॉक्टरांनी अंघोळीला परवानगी दिली. तिने बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची ठेवली, बादली भरली, गरम पाण्यात गार घातलं, आणि कोपर बुडवून पाहिलं. आलोशियसला खुर्चीवर बसवलं. उरलेला पाय पुढे, दुसऱ्या पायाचं ते गोल, नवं, गुलाबी टोक मांडीच्या सरळ रेषेत, हवेत धरलेलं. तो त्याच्याकडे पाहत नव्हता. तिने तांब्या भरला.

"गरम नाही," ती म्हणाली. "मी बघितलंय."

आलोशियसने मान हलवली, आणि पुढे वाकून आधी स्वतःचा हात बादलीत घातला.